माइकची पाठ लूमकडे

सुरतेत घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर आधी बघायचं, लूम्सचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, कुठल्या दिशेला आहे. माइक कुठला, सॉफ्टवेअर कुठलं, हे सगळं नंतर. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खान्देशातून आलेल्या आम्हा लोकांची दाट वस्ती आहे, आणि धोट्याच्या आवाजापासून लांब असलेलं घर तिथे शोधूनही सापडायचं नाही. आमच्या मागे एक गल्ली सोडून खातं आहे. दिवसपाळी आणि रातपाळी मिळून चोवीस तास चालतं. म्हणून माझ्या माइकची पाठ कायम मागच्या भिंतीकडे असते आणि तोंड रस्त्याकडच्या खिडकीकडे. मी खिडकीला पाठ करून गाते.

गाण्यासाठी वापरतात ते बहुतेक माइक कार्डिऑइड जातीचे. शुअरचा एसएम ५८ १९६६ पासून जगभरच्या स्टेजवर दिसतो, तोही यातलाच. असा माइक समोरचं नीट ऐकतो, बाजूचं त्याहून कमी आणि पाठीमागचं सर्वांत कमी. पण त्याचं तोंड गाणाऱ्याकडे असल्यामुळे गाणाऱ्याच्या मागची भिंतही त्याच्या समोरच येते. आवाज तिच्यावर आपटून सरळ माइकात शिरतो. म्हणून गोधडी टांगायची ती गाणाऱ्याच्या पाठीशी. पुष्कळ जण ती माइकच्या मागे टांगतात आणि खोली घुमते म्हणून हैराण होतात.

माझ्याकडची गोधडी आजीच्या हातची आहे, अमळनेर तालुक्यातल्या गावाहून आलेली. सुती लुगड्यांचे थर एकावर एक घालून, दाट धावदोऱ्याने शिवलेली. सुरतेच्या गोदामात साड्यांच्या थप्प्या छतापर्यंत जातात, पण पॉलिएस्टरच्या एकेरी साडीतून आवाज आरपार जातो. गोधडीही भिंतीला चिकटवून उपयोग नसतो. भिंतीला टेकलेल्या ठिकाणी हवा हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून लहरीच्या पाव अंतरावर, आणि कापड तिथे असेल तरच ते आवाज खातं. हजार हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण ३४ सेंटिमीटर लांब असते, तिचा पाव भाग साडेआठ सेंटिमीटर. म्हणून मी गोधडी भिंतीपासून तेवढी पुढे दोरीवर टांगते. माणसाच्या आवाजातला जो भाग खोलीत घुमून ओंगळ होतो, तो त्याने आवरतो. शंभर हर्ट्झला मात्र तोच पाव भाग ८५ सेंटिमीटर होतो. तेवढी जागा सोडली तर खोलीत उभं राहायला मी उरणार नाही. तेव्हा खर्जाचं गोधडीवर सोपवायचं नाही, हे एकदा मान्य करावं लागतं.

आणि लूमचा खर्ज तर हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त येतो. रात्री फरशीवर तळहात टेकवला तर तो समजतो. माइकच्या स्टँडखाली जुनी गादी दुमडून ठेवली की त्यातला बराचसा तुटतो. राहिलेला सॉफ्टवेअरमध्ये, ८० हर्ट्झच्या खालचं कापून काढते. बाईच्या आवाजाला त्याने काही होत नाही. गिटारला मात्र जपावं लागतं, कारण तिची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर लागते आणि कात्री अगदी तिच्या कडेने फिरते. मग उरतं अंतर. माइक तोंडापासून होता त्याच्या निम्म्यावर आणला की आवाज सहा डेसिबलने वर येतो आणि खोली, गल्ली, खातं सगळं तितकंच मागे पडतं. जवळ गेल्यावर आवाजाला थोडा जाडपणाही येतो. घरी केलेली गाणी कानाशी बसून सांगितल्यासारखी वाटतात, त्याचं निम्मं कारण ही वीतभर जवळीक आहे. ती सुचते गरजेतून. गोंगाटाच्या घरात लांब उभं राहून गाणं परवडतच नाही.

इंडी रॉकच्या लोकांना घरातल्या रेकॉर्डिंगचा दाखला विचारला तर बहुतेक जण ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'नेब्रास्का'चं नाव घेतात. स्प्रिंगस्टीन तेव्हा मोठा स्टार होता, स्टुडिओची त्याला वानवा नव्हती. तरी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर त्याने ही गाणी कच्ची म्हणून घेतली. पुढे बँडबरोबर स्टुडिओत ती पुन्हा करून पाहिली, पण जमली नाहीत. शेवटी त्या कॅसेटचाच अल्बम निघाला. मी तो ऐकते तेव्हा मला तो महिना आठवल्याशिवाय राहत नाही. १८ जानेवारी १९८२ लाच मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. कापडाचं काम गिरण्यांतून भिवंडी, मालेगाव, सुरतेच्या पॉवरलूमकडे आधीपासूनच सरकत होतं. संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि लूम वाढत गेले. माझे वडील त्या वाढलेल्या लूमवर काम करायला सुरतेत आले.

रिकाम्या झालेल्या गिरण्यांच्या आवारात पुढे काय आलं? मॉल, ऑफिसं, टॉवर. आणि गाणंही. वरळीला बॉम्बे डाइंगच्या आवारात २००६ मध्ये हार्ड रॉक कॅफे उघडलं. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात २००७ ते २०१६ ब्लू फ्रॉग होतं, देशभरचे बँड तिथे वाजवून गेले. लूम जिकडून निघाले तिकडे गिटार आली, आणि लूम जिकडे पोचले तिथून आम्ही गिटार ऐकायला उलट दिशेने जायला लागलो. यातली मजुरांची बाजू विसरून मला तिथलं गाणं ऐकता आलेलं नाही आणि विसरायचंही नाही.

सुरतेहून जावं लागतं, कारण इथे तशी जागा नाही. नवरात्रात हे शहर सगळ्या देशाला पुरेल इतकं गातं-नाचतं. मोठ्या नावांचे कार्यक्रम इनडोअर स्टेडियमला, संजीव कुमार ऑडिटोरियमला होतात. पण दोनशे लोकांनी उभं राहून, घामाघूम होत नवा बँड ऐकायचा, अशी जागा मला इथे मिळालेली नाही. नव्या बँडचं पोट आपल्याकडे तिकिटावर भरत नाही. पबच्या धंद्यावर भरतं. गुजरातमध्ये १९६० पासून दारूबंदी आहे. ती असावी की नसावी हा वेगळा विषय, पण तिच्यामुळे छोट्या मैफलींचा खर्च काढणारा माणूसच इथे उभा राहिला नाही. दुसऱ्या कुणाला तो काढता येईल. महापालिकेने एखादा छोटा हॉल महिन्यातून एकदा नव्या मुलांना दिला तरी पुरेल, असं मला मनापासून वाटतं.

तोवर आमची वाट रेल्वेची. मुंबई साधारण २६० किलोमीटर. फ्लाइंग राणी सुरतेहून पहाटे निघते, हे बरं. पण संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती मुंबई सेंट्रल सोडते, तेव्हा बँडवाल्यांचा साउंड चेकसुद्धा उरकलेला नसतो. म्हणून येताना रात्रीची मिळेल ती गाडी. पुण्यात २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा पुण्याला मामा किंवा आत्या असलेली मुलं आमच्यात भाग्यवान ठरली. द लोकल ट्रेन या हिंदीत गाणाऱ्या बँडचा 'आलस का पेड़' हा अल्बम २०१५ मध्ये आला आणि इंग्रजीला बुजणारी आमच्याकडची पोरंही या गाण्यात आली. भुसावळ पॅसेंजरमध्ये एका हेडफोनचे दोन कान दोघांत वाटून ऐकणारी.

मैफलीत मी स्टेजच्या पुढे घुसत नाही. मिक्सरवर बसलेल्या माणसाच्या शेजारी उभी राहते. तो जे ऐकून खटके वर-खाली करतो, तेच ऐकायला मिळावं म्हणून. शिवाय आवाजाला चालायला वेळ लागतो, सेकंदाला साधारण ३४३ मीटर. २०२५ च्या जानेवारीत अहमदाबादला कोल्डप्लेचा कार्यक्रम झाला, लाखाच्या वर लोक होते. एवढ्या मैदानात स्टेजपासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला स्टेजवरचा ठोका जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो. मागच्या खांबांवरचे स्पीकर मुद्दाम तेवढे उशिरा वाजवून तो मेळ बसवतात, पण लोकांच्या टाळ्यांना कोण उशीर लावणार? लहान हॉलमध्ये गाणारा, वाजवणारा आणि ऐकणारा एकाच क्षणी एका ठोक्यावर असतात. ते अंगाला कळतं. कानात बोळे मात्र मी न चुकता घालते. कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. लूमच्या खात्यात आवाज त्याच्या वर जातो आणि पाळी असते बारा तासांची. आमच्या गल्लीतल्या काकांशी, मामांशी ओरडून बोलावं लागतं, ते वयामुळे नाही. ज्यांना बोळे कुणी दिले नाहीत त्यांच्या घरातल्या मुलीने हौसेने कान घालवू नयेत.

गेली काही वर्षं मी स्वतःच्या गाण्यांच्या बरोबरीने मावशीची गाणी घेते आहे. अहिराणीतली, हळदीची आणि कानबाईची. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा सुरतेतल्या खान्देशी गल्ल्या रात्रभर जागतात, आणि ती गाणी पाठ असलेल्या बाया आता म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. दिवाळीत खाती बंद राहतात, मजूर गावी जातात, म्हणून मी मुद्दाम ते दिवस धरले. फटाके थांबल्यावर अपरात्री गल्ली अशी शांत की माइकने भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही उचलली. मावशी बसली, गायली, आणि आवाजच लागेना. सूर खाली, शब्द गिळलेले, दम मध्येच सुटतोय. "बाई, हाई काय मसनशांतता शे," म्हणाली आणि उठली.

१९११ मध्ये एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने मांडलं होतं की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, आणि गोंगाट काढून घेतला की उतरवतो. मावशी घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम करते, आयुष्यभर खात्याच्या भिंतीला लागून राहिली. तिच्या आवाजाची धार, उंच पट्टी, शब्द दातांवर घासून फेकण्याची लकब हे सगळं त्या आवाजावर मात करत तयार झालेलं आहे. लूम काढला की गाणंही अर्धं जातं.

गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. ज्यांत जातं फिरताना ऐकू येतं, तिथे ते काढून टाकावं असं कुणाच्या मनात येईल का? साधा पॉवरलूम मिनिटाला शंभर ते दीडशे वेळा धोटा फेकतो, म्हणजे रॉकच्या गाण्यांची लय साधारण जिथे असते तिथेच. मावशी त्याच्या बरोबर निम्म्या लयीत गाते, तिला कुणी ताल धरायला सांगितलेलं नसताना.

तेव्हा आता तिच्यासाठी मी मांडणी बदलली आहे. गोधडी खाली काढते. मागची खिडकी उघडी ठेवते. माइक थोडा आडवा फिरवते, म्हणजे लूम बाजूने येईल, पाठीमागून नाही, आणि ८० हर्ट्झची कात्री लावत नाही. माझ्या स्वतःच्या गाण्यांना लूमकडे माइकची पाठच लागते, कारण ती मी हेडफोनमध्ये मुंबईचे बँड ऐकत शिकले. कानबाईची निम्मी गाणी अजून घ्यायची आहेत. लाभपंचमीनंतर खातं सुरू झालं की बसू, असं मावशीनेच सांगून ठेवलंय.