राजवाड्याचे सात मजले आणि एक उडते यंत्र

इंदूरला पाहुणे आले की आधी पोहे-जिलेबी आणि मग राजवाडा, हा आमच्याकडचा शिरस्ता. समोर बागेत अहिल्याबाईंचा पुतळा, जवळच गोपाळ मंदिर, पाठीमागच्या गल्ल्यांत सराफा. होळकरांच्या या वाड्याला सात मजले. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. भार पेलायचा तिथे दगड, उंची गाठायची तिथे लाकूड!

यंदा दिवाळीनंतर माझी बहीण आणि भाचा पुण्याहून आले होते. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाड्याकडे बराच वेळ पाहून म्हणाला, "मामा, वर वजन कमी कसं ठेवायचं, हाच आमचाही प्रश्न आहे."

'आमचा' म्हणजे तिघांचा. हा पुण्यात, एक मित्र नाशिकला, एक मैत्रीण नागपूरला. तिघे मिळून विजेवर चालणाऱ्या पॅरामोटरचे कॅड मॉडेल करत आहेत.

कामशेतला डोंगरावरून पॅराग्लायडिंग करणारे तुम्ही पाहिले असतील. पॅरामोटरमध्ये पाठीवर मोटर आणि पंखा असतो, त्यामुळे सपाट मैदानावरून धावत उड्डाण करता येते. पंख्याभोवती गोल कडे आणि जाळी असते. बहुतेक पॅरामोटर पेट्रोलवर चालतात. विजेची मोटर शांत असते, थरथरतही कमी. पण बॅटरी जड. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण 12 युनिट ऊर्जा असते, तर एक किलो लिथियम बॅटरीत युनिटचा जेमतेम पाचवा भाग. विजेची मोटर ती ऊर्जा जास्त चांगली वापरते, तरी उड्डाण छोटेच होते. म्हणून सांगाड्यातल्या शंभर-शंभर ग्रॅमचा हिशोब.

अमेरिकेतल्या 'ओपनपीपीजी' प्रकल्पाने असे यंत्र बनवून त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रात एका मोठ्या पंख्याऐवजी चार छोटे पंखे आणि चार मोटरी होत्या. त्यावरूनच या तिघांना उत्साह आला. 'फ्रीकॅड' हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन त्यांनी कामे वाटली. बॅटरीची पेटी भाच्याकडे, मोटरची बैठक नाशिककडे, पंख्याभोवतीचे कडे नागपूरकडे.

तीन गावांत बसून एक वस्तू करायची, तर आधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली, मोजायला सुरुवात कुठून? त्यांनी पंख्याच्या दांड्याचा मध्य म्हणजे शून्य असे ठरवले. दुसरी, फाइल कोणती पाठवायची? 'एसटीएल' फाइलमध्ये वस्तू नुसत्या त्रिकोणांची बनते. थ्रीडी प्रिंटरला ती चालते, पण दुसऱ्याला तीत बदल करणे कठीण. 'स्टेप' फाइलमध्ये गोल भोक गोलच राहते. तिसरी आणि मला सर्वांत आवडलेली: प्रत्येक बदलाबरोबर 'का केला' हे एका ओळीत लिहायचे.

या एका ओळीचा उपयोग लवकरच झाला. कडे गाडीच्या डिकीत मावावे आणि वजनही घटावे, म्हणून नागपूरच्या मुलीने ते लहान केले आणि कारण लिहून ठेवले. स्क्रीनवर सगळे छान बसत होते. कामशेतला उडणाऱ्या एका अनुभवी पायलटला त्यांनी मॉडेल दाखवले. ते म्हणाले, "उड्डाणाच्या वेळी पंखाच्या दोऱ्या या कड्याला दाबतात. ते वाकतं. वाकल्यावर पंख्याच्या टोकापासून किती अंतर उरेल?" संगणकातले कडे तर वाकत नव्हते! कारण लिहिलेले असल्यामुळे वाद झाला नाही. डिकीपेक्षा हात महत्त्वाचा, हे तिघांनाही पटले. कडे पुन्हा मोठे झाले, वजन वाढले, आणि ते भाच्याने पेटीतून कमी करायला घेतले.

बहीण हे सगळे शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, "पण दादा, यात बसून उडणार कोण?"

भाच्याने सरळ उत्तर दिले, "आत्ता कुणीच नाही, आई." आधी यंत्र जमिनीवर घट्ट बांधून चाचणी होणार. उडायचे तर प्रशिक्षण हवे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम पाळायला हवेत. (इंदूरचे विमानतळ शहराला लागूनच, तेव्हा राजवाड्यावरून उडायचे स्वप्न कुणी पाहू नये!) आराखडा खुला असला म्हणजे तो सुरक्षित असतो असे नाही, पण तपासायला कुणालाही येता येते. बहिणीचे पूर्ण समाधान झाले नाही. "चाचणीच्या दिवशी मी येणार," एवढेच ती म्हणाली. मला ते योग्य वाटले.

आम्ही बोलत होतो तो वाडा 1801, 1908 आणि 1984 अशा तीन वेळा आगीत सापडला. 1984 च्या दंगलीत मागचा भाग जळाला, दर्शनी भाग उभा राहिला. पुढे उषाराजे होळकरांच्या पुढाकाराने, 2006 च्या सुमारास, मागचा भाग जुन्याच पद्धतीने आणि जुन्याच प्रकारच्या साहित्याने पुन्हा उभारला गेला. जुनी घडण समजून घेतल्याशिवाय हे झाले नसते. कोणता खांब कुठे आणि का, हे ज्ञान एकाच्या डोक्यात राहिले तर त्याच्याबरोबरच जाते. ते मांडून ठेवले तर पुढचा माणूस काम हाती घेऊ शकतो, आणि चूकही दाखवू शकतो.

मुलांनो, सुरुवात करायला पॅरामोटरच हवा असे नाही. फ्रीकॅड मोफत आहे. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात अशा अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही मिळतात. घरातला देव्हारा किंवा झोपाळ्याची कडी मोजा, मॉडेल करा आणि दुसऱ्या गावातल्या मावसभावाला किंवा आतेबहिणीला पाठवा. तुम्हाला फोन न करता त्यांना ती वस्तू बनवता येते का, ते पाहा. फोन आलाच, तर त्यांनी जे विचारले ते आराखड्यात लिहून टाका.