हमीदला कधी कळतं?

२०२१ च्या रमजानमध्ये आमच्या बहिणीचे मियाँ कुवेतमध्ये कोरोनाने गेले. विमानं बंद होती, त्यामुळे दफन तिकडेच झालं. घरच्या कुणी चेहरा पाहिला नाही, कुणी जनाज्याला खांदा दिला नाही. दाभोळ खाडीकाठच्या आमच्या गावात एक फोन आला, तेवढंच. बहीण इद्दतीत बसली. भाचा नऊ वर्षांचा, भाची जेमतेम वर्षाची. मुलाला काय सांगायचं, हा प्रश्न वडीलधाऱ्यांनी एका वाक्यात मिटवला : 'अब्बा दवाखान्यात आहेत, बरे झाले की येतील.' आम्ही दोघं, म्हणजे त्याचे मामू आणि मामी, मराठी शाळेतले शिक्षक. मुलांशी खरं बोलावं असं वर्गात सांगणारे. पण त्या दिवशी आम्हीही मान डोलावली.

हे खोटं आमच्याकडे सहज खपण्यासारखं होतं. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांत बाप परदेशीच असतो. मुलं त्याला फोनवरच्या आवाजातून, सुट्टीत आणलेल्या खोक्यांतून आणि अत्तराच्या वासातून ओळखतात. बाप नसणं त्यांच्या सवयीचं असतं. फक्त फोन येईनासा झाला होता. ईद झाली, पुढे बकरीदही झाली. पोरगं काही विचारत नव्हतं. त्याचा विश्वास बसला आहे, असं आम्ही समजत होतो.

शाळा बंद होत्या. म्हणून संध्याकाळी मगरिबनंतर पडवीत बसून आम्ही त्याला गोष्टी वाचून दाखवू लागलो. एके दिवशी प्रेमचंदांची 'ईदगाह' काढली. ईद आहे, जत्रा आहे, चिमटा आहे, पोराला आवडेल एवढाच विचार. आरंभ आम्ही साफ विसरलो होतो. हमीदचा बाप पटकीने गेलेला, आईही गेलेली. आणि त्याला सांगितलेलं काय, तर अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लामियाँच्या घरून चांगल्या चांगल्या वस्तू आणायला गेली आहे. तिथे आमचा आवाज अडखळला. पान उलटून पुढे जावं असंही मनात आलं. पण भाचा पुस्तकातच पाहत होता. वाचत राहिलो.

गोष्ट संपली. तीन पैशांचा चिमटा घरी आला, म्हातारी अमिना रडली. भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "मामू, हमीदला कधी कळतं?"

आम्ही म्हटलं, "गोष्टीत ते नाही, बेटा."

"त्याला माहीत असेल," तो म्हणाला. "दादीला वाईट वाटेल म्हणून बोलत नसेल."

हा अर्थ प्रेमचंदांच्या गोष्टीत नाही. तिथला हमीद खरोखरच आशेवर जगतो. तो अर्थ आमच्या भाच्याचा होता. शेजारच्या पोरांकडून त्याला दुसऱ्याच आठवड्यात सगळं कळलं होतं. आपण त्याला जपतो आहोत अशा समजुतीत आम्ही मोठी माणसं होतो आणि नऊ वर्षांचं पोर आम्हाला सगळ्यांना जपत होतं. त्या रात्री तो अम्मीच्या कुशीत शिरून पहिल्यांदा रडला. बहीणही त्याच्यासमोर पहिल्यांदाच मोकळेपणाने रडली.

मग आमच्यातला शिक्षक जागा झाला आणि चूक करून बसला. पुस्तकाने गुण आला, तर आणखी पुस्तकं द्यावीत! आम्ही 'श्यामची आई' त्याच्या हातात ठेवली. साने गुरुजींचं पालगड आमच्याच दापोली तालुक्यातलं. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहिलं. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. हे सगळं सांगून वर म्हटलं, "वाच, तुला धीर येईल." दोन दिवसांत पुस्तक कपाटात परत. "यात शेवटी आई मरते ना? मला नको." एक गेलं होतं, दुसरं जाईल की काय ही त्याची भीती आमच्या लक्षातच आली नव्हती. औषध म्हणून दिलेल्या पुस्तकाचा वास मुलांना लांबून येतो.

नंतर आम्ही असा बेत केला नाही. अमेरिकन लेखक ई. बी. व्हाइट यांच्या 'शार्लट्स वेब' या १९५२ च्या पुस्तकाची गोष्ट आम्हाला ठाऊक होती, ती मराठीत तोंडी सांगितली. विल्बर नावाचं डुकराचं पिल्लू आणि त्याला वाचवणारी कोळीण. डुक्कर म्हटल्यावर दादी कुरकुरल्या. पण दोन दिवसांनी त्याही ऐकायला बसल्या. कोळीण शेवटी मरते, आणि तेव्हा तिच्याजवळ कुणीही नसतं. लेखक हे लपवत नाही. विल्बर तिच्या अंड्यांची पिशवी जपून घरी आणतो.

तिथे भाच्याने थांबवलं. "अब्बांजवळ कोण होतं?"

हा प्रश्न आम्ही मोठ्यांनीही कुणाला विचारला नव्हता. कुवेतमध्ये मेहुण्यांच्या खोलीत राहणाऱ्या मित्राला फोन लावला. त्यांनी मुलाशी समोरासमोर बोलावं तसं बोलून सगळं सांगितलं : दवाखान्यात शेवटी कुणाला आत सोडलं नाही, पण जनाज्याची नमाज झाली, चार माणसं उभी होती, कबर कुठे आहे ते त्यांना ठाऊक आहे. पोराने दोनदा विचारलं, "तुम्ही माती दिलीत?" ते म्हणाले, "हो बेटा, तिन्ही मुठी." त्यानंतर तो रात्री झोपू लागला.

आमच्या समाजात मुलाला पटकन सांगतात, 'रडू नको, आता तू घरातला मर्द.' सब्र शिकवायचा तो हा मार्ग नव्हे. ज्यांचे वडील जन्माआधीच गेले आणि आई सहाव्या वर्षी, त्या पैगंबर साहेबांच्या डोळ्यांतूनही मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पाणी आलं होतं. आक्रोशाला मनाई आहे, आसवांना नाही. हे आम्हाला पाठ होतं. एका पोरासमोर ते वापरायची हिंमत मात्र नव्हती.

गोष्टीने दुःख कमी केलं, असं आम्ही म्हणणार नाही. बाप नाही तो नाहीच. पण स्वतःच्या बापाबद्दल जे विचारता येत नव्हतं, ते हमीदच्या बापाबद्दल विचारता आलं. कोळिणीच्या आडून कबरीपर्यंत जाता आलं. एवढं काम गोष्ट करते. पुढचं उत्तर घरातल्या माणसांनी द्यायचं असतं, आणि ते खरं द्यायचं असतं.

आता भाचा हायस्कूलला आहे. मागच्या ईदला तो पडवीत बसून धाकट्या बहिणीला 'ईदगाह' वाचून दाखवत होता. तिला अब्बांचा चेहराही आठवत नाही. हमीदचे अब्बा पैसे कमवायला गेलेत, या ओळीवर तो थांबला.

"हे त्याला खोटं सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्याचे अब्बा वारले होते. आपल्यासारखे." आणि पुढे वाचू लागला.