बाप बरोबर असला म्हणजे

चि. बाळूस,


रविवारी फोनवर तू एक वाक्य सहज बोलून गेलास, आणि तेव्हापासून मला चैन नाही. "म्युनिकला पंधराव्या वर्षीही चालतं ताई, बाप बरोबर असला की झालं. चिन्मयला पहिला ग्लास मीच देणार, म्हणजे पुढे चोरून प्यायची वेळच येणार नाही." फोन स्पीकरवर होता, चिन्मय शेजारी बसून ऐकत होता, म्हणून मी विषय बदलला. मुलासमोर बापाला बोलायचं नाही हा आपल्या घरचा नेम मी अजून पाळते. पण गप्प बसले म्हणजे पटलं असं समजू नकोस. पत्र लांबेल. माझी पत्रं लांबतात हे तुला नवीन नाही, तेव्हा सावकाश वाच, आणि निम्म्यावर ठेवून देऊ नकोस.

कायद्याचं तू म्हणालास ते खरं आहे, हे आधीच सांगते. जर्मनीत बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षापासून चालते, व्हिस्की-व्होडकासारखी कडक दारू अठरा पूर्ण झाल्याशिवाय नाही. तिथल्या युवक संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमात आणखी एक सवलत आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलं पालकांबरोबर असतील, तर त्यांनाही बिअर-वाइन देता येते. पण पालक म्हणजे कोण, हे तू वाचलंस का? ज्यांच्याकडे मुलाचा कायदेशीर ताबा आहे तेच. काका चालत नाही, मामा चालत नाही, अठरा वर्षांचा मोठा भाऊ चालत नाही, सहलीला घेऊन गेलेले मास्तरही चालत नाहीत. कायद्याने हे दार इतकं अरुंद का ठेवलं असेल, याचा जरा विचार कर. जे सरकारला ठरवायचं नव्हतं ते त्याने आईबापांवर सोपवलं. कायदा तिथे बाजूला होतो आणि म्हणतो, आता तुम्ही बघा. ही तुला मिळालेली परवानगी आहे असं तू धरून चाललास, आणि मला मात्र ती तुझ्या अंगावर येऊन पडलेली जबाबदारी दिसते. शिवाय ही सवलत काढून टाका, असं खुद्द जर्मनीच्याच आरोग्यमंत्र्यांनी म्हटलेलं आहे. ज्यांच्या देशात ती आहे त्यांनाच जी खुपते, ती आपण शहाणपण म्हणून उचलायची?

तुमचा प्रवास म्युनिकवरून पॅरिस आणि तिथून लंडन असा आहे ना? मग हाच कायदा पुढच्या दोन मुक्कामांत कसा बदलतो ते पाहा. फ्रान्समध्ये वय अठरा, आणि कॅफेत किंवा कुठल्याही सार्वजनिक जागी अल्पवयीन मुलाला दारू विकणंच काय, फुकट देणंही गुन्हा. बाप शेजारी बसलेला असला तरी फरक पडत नाही. लंडनमध्येही वय अठराच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पबमध्ये टेबलावर जेवताना बिअर, वाइन किंवा सायडर घेता येतं, तेही मोठ्या माणसाने विकत घेतलेलं आणि मोठं माणूस सोबत असताना. चिन्मय पंधरा वर्षांचा, म्हणजे तिथे प्रश्नच मिटला. एकाच आठवड्यात, एकाच बापाबरोबर, एका गावात चालतं आणि दुसऱ्या गावात चालत नाही. मुलगा यातून काय घेईल? दारू पिणं न पिणं हे गावावर अवलंबून असतं, एवढंच. आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढे बापाच्या नजरेआडचं प्रत्येक ठिकाण त्याला म्युनिक वाटायला लागेल.

आणि जगात सगळीकडे बाप म्हणजे सवलत असं नाही, बरं का. अमेरिकेत एकवीस वय आहे, पण टेक्सास, विस्कॉन्सिन अशा काही राज्यांत आईबापांसमोर प्यायला मुभा आहे, हे मला माहीत आहे. न्यू जर्सीचे आपले लोक ते उदाहरण देतातच. जपानकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. तिथला कायदा १९२२चा. २०२२मध्ये त्यांनी सज्ञान होण्याचं वय वीसवरून अठरावर आणलं, पण दारूचं वय विसावरच ठेवलं. आणि त्या कायद्यात पालकांवर सरळ कर्तव्य टाकलेलं आहे, की मूल पिताना दिसलं तर थांबवायचं. आपल्याकडे महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण २०१५च्या बाल न्याय कायद्याचं ७७वं कलम फार कोणी वाचत नाही. डॉक्टरने सांगितल्याशिवाय मुलाला मादक पेय देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यात "आईबाप सोडून" असे शब्द नाहीत. तुला धाक घालायला हे लिहीत नाही. तू विमानात बसलास म्हणून मुलाच्या काळजीचं वय बदलत नाही, एवढंच म्हणायचं आहे.

आता तो ग्लास जवळून पाहू, कारण "एक ग्लास" म्हणताना आपण आपल्या घरातला पाण्याचा पेला मनात धरतो. म्युनिकला साध्या बिअरचा मग अर्ध्या लिटरचा. बिअर-गार्डनमध्ये "मास" म्हणून जो येतो तो तर पूर्ण एक लिटरचा. अर्धा लिटर बिअर पाच टक्क्यांची धरली, तर त्यात जवळजवळ वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. पन्नास किलोच्या पोराने ती रिकाम्या पोटी पटकन संपवली, तर रक्तातलं प्रमाण हजारी अर्ध्याच्या आसपास जाऊ शकतं. जर्मनीत मोठ्या माणसाला गाडी चालवायला हजारी ०.५ ही हद्द आहे. आणि एकवीस वर्षांच्या आतल्या चालकाला हद्द शून्य, एक थेंबही नाही. म्हणजे ज्या देशाच्या सवलतीचा तू आधार घेतोस, तोच देश वीस वर्षांच्या पोराला थोड्या दारूवरही स्टिअरिंगला हात लावू देत नाही. मेंदूची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, हे त्यांनाही कळतं.

तुझं खरं म्हणणं कायद्याचं नाहीच, हे मला कळलं. तुझं म्हणणं असं, की घरात उघडपणे मिळालं तर चोरून प्यायची ओढ राहत नाही. ऐकायला हे पटतं, म्हणूनच त्याची पडताळणी व्हायला हवी, आणि ती झालेली आहे. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलं आणि त्यांचे पालक यांच्याकडे सहा वर्षं दरवर्षी चौकशी केली गेली. तो अभ्यास २०१८मध्ये लॅन्सेटच्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात आला. आईबापांनी दारू दिल्याने मुलांचं रक्षण होतं, याचा पुरावा त्यांना कुठेच सापडला नाही. उलट अशा मुलांमध्ये एका बैठकीत भरमसाट पिण्याचं आणि त्यातून होणाऱ्या त्रासाचं प्रमाण जास्त दिसलं. आणि आईबाप देतात म्हणून बाहेरून मिळवणं थांबतं असंही दिसलं नाही. बाहेरून मिळवण्याची शक्यता पुढे वाढलेलीच दिसली. तू म्हणशील, जे आईबाप देतात त्यांची घरं मुळातच वेगळी असतील, दोष त्या घराचा. हा आक्षेप रास्त आहे, आणि असल्या अभ्यासाने कारण पूर्ण सिद्ध होत नाही हे मी मान्य करते. पण सिद्ध करायचं ओझं कुणावर? मूल वाचतं असं तू म्हणतोस. मग वाचल्याचा पुरावा तू दाखवायला हवा. वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली पिणाऱ्या मुलांचा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात एकत्र अभ्यास झाला, तिथेही देखरेखीने पुढचा त्रास कमी झाला नाही, वाढलाच.

"पण युरोपातली मुलं बघ, किती समजून पितात!" हे वाक्य आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असतं. कुठल्या युरोपातली? शाळकरी मुलांची युरोपभर जी पाहणी ठरावीक वर्षांनी होते, तिच्यात झिंगेपर्यंत पिणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांमध्ये डेन्मार्क वर्षानुवर्षं वरच्या ओळीत असतो, आणि तिथे दारू लवकर आणि सहज मिळत आली आहे. इटलीसारख्या देशांत जेवताना थोडी वाइन घेण्याची रीत आहे आणि झिंगणं कमी आहे, हे खरंच. पण तिथे झिंगणं ही गावभर लाजेची गोष्ट असते, आजीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांची नजर असते. ती नजर आठ दिवसांच्या सहलीत बॅगेत घालून आणता येत नाही. फ्रान्सने तर १९५६मध्ये शाळेच्या जेवणात चौदा वर्षांखालच्यांना दारू देणं बंद केलं आणि १९८१मध्ये ती सगळ्याच विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. आणि आइसलँड बघ. १९९८मध्ये तिथली ४२ टक्के पंधरा-सोळा वर्षांची मुलं मागच्या महिन्यात एकदा तरी झिंगली होती; २०१६मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. त्यांनी मुलांना घरी पाजलं नाही. रात्री उशिरा मुलांनी एकटं बाहेर राहायचं नाही असा नियम केला, खेळ-संगीताच्या वर्गांना पैसे दिले, आणि गावोगाव आईबापांनी एकत्र बसून, मुलांना दारू द्यायची नाही, असं लेखी ठरवलं. एकट्या बापाने नाही म्हटलं तर तो जुनाट ठरतो. आळीतल्या सगळ्यांनी म्हटलं की मूल ऐकतं.

इथे माझं जुनं दुखणं वर येतं, आणि तू हसणार हेही मला माहीत आहे. आपल्या पिढीला मुलांचे मित्र व्हायची घाई झाली आहे. अरे, चिन्मयला मित्र वर्गात चाळीस आहेत. बाप एकच आहे. जिथे सगळे "घे रे" म्हणतात तिथे "नको" म्हणणारा एक माणूस त्याच्या डोक्यात पक्का बसलेला हवा, आणि ती जागा तू सोडलीस की ती भरायला कोणी येत नाही. आपल्या वडिलांनी, दादांनी, ती जागा सोडली नाही. त्यांच्याबद्दल आपलं काय काय म्हणणं होतं ते दोघांनाही आठवतं, पण हे श्रेय त्यांना द्यावं लागेल. आणि मुलगा शिकतो ते तू दिलेल्या ग्लासातून कमी, तुझ्या हातातल्या ग्लासातून जास्त. म्युनिकच्या टेबलावर तू दोन मागवलेस की एक घेऊन थांबलास, हा त्याचा खरा धडा.

एका घोटाने काही बिघडत नाही, हे मला मान्य. त्याने चव बघितली म्हणून मी आकाश डोक्यावर घेणार नाही. पण तू चव दाखवणार नव्हतास, तू शिकवणार होतास. मग शिकवायचं तर दुसरं पुष्कळ आहे. मला भीती वाटते ती या पोराच्या पुढच्या वर्षांची. बारावी झाली की हॉस्टेल, मग कदाचित जर्मनीतच शिक्षण, आणि तिथे शनिवारी रात्री कोण शेजारी असेल? मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते आठवतं ना? सतरा वर्षांचा मुलगा, रात्रीची पार्टी, आणि त्याच्या गाडीच्या धडकेने रस्त्यावर दोन जीव गेले. बाप तिथे नव्हता. गाडी मात्र घरातली होती. चिन्मयला सांग, प्यालेल्या माणसाच्या गाडीत बसायचं नाही, तो कितीही जवळचा असो. रात्री कितीही वाजता फोन केला तरी आधी घरी आणू आणि मग बोलू, हे त्याच्या गळी उतरव. "नको" कसं म्हणायचं, हातात लिंबू सोडा धरून गटात कसं उभं राहायचं, हे त्याला सांग. हे सगळं घरच्या स्वयंपाकघरात बसून सांगता येतं.

आणि एक विचारायचं राहिलं. या सगळ्यात चिन्मयच्या आईला, मेधाला, काय वाटतं, ते तू बोलला नाहीस. नवव्या कलमात पालक म्हणजे तीही आहे. तिकिटं काढायच्या आधी तिच्याशी बोल, आणि ती काय म्हणाली ते मला कळव. स्पीकर बंद करून फोन कर, उशीर झाला तरी मी उचलीन.

तुझी,
ताई