बैठक पक्की, तर नेम पक्का

'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' हा विषय फक्त परीक्षेपुरता, यावर आमच्या हॉस्टेलचं एकमत आहे. मला मात्र तो भेटला रायफलीच्या दस्त्यात!

माझी मैत्रीण ५० मीटर रायफल खेळते. तिथे १० गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. दिवाळीनंतर तिच्या गोळ्या भलतीकडे जाऊ लागल्या. "हिचं लक्षच नाही," असं लोक बोलले. ती खेळ सोडायच्या बेतात होती. क्लबच्या दुरुस्तीवाल्या काकांनी मात्र आधी स्क्रू तपासला. सैल होता!

कारण साधं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, स्क्रूखाली दबतं आणि हवा कोरडी झाली की आकसतं. रेषांना आडवं दाबलं तर लाकडाचा यंग्ज मॉड्युलस १ गिगापास्कलच्या आसपास, ॲल्युमिनियमचा ७०! म्हणून काकांनी स्क्रूची भोकं मोठी करून त्यांत ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या आणि धातू-लाकडामधल्या फटीत इपॉक्सी भरलं. धातूला आधी मेण चोळलं, नाहीतर रायफल दस्त्याला कायमची चिकटली असती. मग २४ तास हात लावायचा नाही. आता स्क्रूचा दाब नळ्या पेलतात, लाकूड नाही.

२०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. टाळ्या नेमबाजाला मिळाल्या, मिळायलाच हव्यात. पण दोस्तहो, कुणाचा नेम चुकू लागला तर त्याला बोल लावण्याआधी त्याची बैठक तपासा. आमची मैत्रीण अजून खेळतेय!