पाहुण्याचे पान

आमच्या अष्टागरात पाहुण्याला आधी वाढावे आणि मग घरच्यांनी पानावर बसावे, ही रीत अजून मोडलेली नाही. सुरमईची मोठी तुकडी पाहुण्याच्याच पानात पडावयाची. परंतु ह्याच गावात कबड्डीचे सामने भरले म्हणजे पाहुण्याच्या पानात काय पडते, हे आम्ही स्वतःच्या हाताने वाढून पाहिले आहे.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. भाताची झोडणी उरकली होती आणि दिव्यांच्या उजेडात उपांत्य सामना रंगला होता. आमच्या गावाची गाठ कुंडलिका खाडीपलीकडच्या एका संघाशी होती. दोन पंचांपैकी एक येऊ शकला नाही, तेव्हा शिट्टी आमच्या हाती आली. “गुरुजी असतील तर आमची काही हरकत नाही,” असे पाहुण्यांचा कर्णधारच म्हणाला.

गुण बरोबरीत असता शेवटची चढाई त्याचीच आली. आमच्या पोरांनी त्याला घेरून पाडले. त्याने मध्यरेषेकडे हात लांबवला मात्र, आणि “पकडला!” असा एकच कल्लोळ झाला. आमचा हात गावाच्या बाजूने वर गेला. आमच्या मनाने निवाडा करण्यापूर्वीच तो गेला. ढीग उठला तेव्हा मध्यरेषेवरची फक्की चार बोटांनी पुसलेली आम्हांला स्वच्छ दिसली. दुसरा पंच पलीकडे होता. त्याला ती दिसणे शक्य नव्हते. निर्णय फिरवण्यास वेळ होता, पण पोरे खांद्यावर चढली होती. आम्ही गप्प राहिलो. जाताना तो कर्णधार आमच्या पाया पडला.

ह्या रोगावर जगाने औषध शोधले नाही असे नाही. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान व वेस्ट इंडीज ह्यांच्या कसोटी सामन्यात पिलू रिपोर्टर व व्ही. के. रामस्वामी हे भारतीय पंच उभे राहिले. पुढे १९९४ पासून कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तिऱ्हाईत देशांचे नेमण्याचा प्रघात पडला. परंतु यजमानाचा सगळाच फायदा काही अन्याय नव्हे. बर्फावरील हॉकीचे मैदान युरोपात रुंद, तर कॅनडात अरुंद असते. २०१० च्या व्हँकुव्हर येथील हिवाळी ऑलिंपिकात कॅनडाने आपले अरुंद मैदानच मांडले, आणि पुरुष व स्त्रिया ह्या दोन्ही गटांची सुवर्णपदके घरी ठेवली. त्यात नियमभंग कोणता? आमच्या मैदानाचा रेताड कोपरा कुठे पाय धरतो, हे आमच्या पोरांनाही ठाऊक असतेच.

अन्यायाला आरंभ होतो तो निवाड्यात. आणि तिथे लाच लागत नाही, नुसता आवाज पुरतो. २०२० साली महासाथीमुळे युरोपात फुटबॉलचे सामने रिकाम्या मैदानांवर झाले, तेव्हा पाहुण्या संघांना दाखवल्या जाणाऱ्या पिवळ्या पत्त्यांचे प्रमाण घटल्याचे अभ्यासकांना आढळले. पंच तेच, नियम तेच. फक्त कल्लोळ नव्हता.

२०२३ च्या ऑक्टोबरात हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धांतील कबड्डीचा अंतिम सामना आम्ही घरी बसून पाहिला. ते घर भारताचेही नव्हते आणि इराणचेही नव्हते. गुण २८-२८ असता चढाई करणारा राखीव क्षेत्रात शिरल्यावरून वाद पेटला आणि तासभर खेळ अडला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. त्या तासभर आम्ही भारताच्या बाजूने हिरिरीने बोलत होतो. मग नातवाने विचारले, “आजोबा, नियम नक्की काय आहे?” आम्हांला सांगता येईना. नियम कळण्याआधीच आमचा हात पुन्हा वर गेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही साळावचा पूल ओलांडून त्या गावी गेलो आणि कर्णधाराला पुसलेल्या फक्कीची हकीकत सांगितली. तो म्हणाला, “ते आम्हांला त्याच रात्री कळलं होतं, गुरुजी. पण तुम्हांला गावातच राहायचं होतं ना!” मग त्याने आम्हांला जेवल्यावाचून सोडले नाही. सुरमईची मोठी तुकडी आमच्याच पानात पडली.