मुदत
अर्बुदासह प्रोस्टेट ग्रंथी काढून टाकल्याला आता बराच काळ लोटला. रोग गेला असा शल्यचिकित्सकांचा निर्वाळा आहे, तरी देहाच्या दफ्तरातील दोन खाती, मूत्रावरील अंमल आणि दांपत्यजीवनातील सामर्थ्य, अद्याप पूर्ववत रुजू झालेली नाहीत. पहिल्याविषयी मित्रांशी बोलता येते. दुसऱ्याचा विचारदेखील मालवणातला पुरुष दार लावून करतो.

१९८१ साली लायडन येथे पीटर डोंकर आणि अमेरिकेचे पॅट्रिक वॉल्श यांनी मृतजात अर्भकाच्या विच्छेदनात या ग्रंथीच्या कडेने जाणाऱ्या, त्या दुसऱ्या खात्याचा कारभार पाहणाऱ्या सूक्ष्म मज्जातंतूंचा मार्ग शोधला, आणि पुढल्याच वर्षी वॉल्श यांनी ते हेतुपुरस्सर राखून शस्त्रक्रिया केली. तोवर ते नकळत छेदले जात. मात्र राखलेले तंतूही ओढाताणीने मूर्च्छित होतात, आणि सावध व्हावयास कित्येकदा दीड-दोन वर्षांची मुदत मागतात.

तोवर श्रोणितळाचे स्नायू आवळण्याचा, आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली स्त्रियांसाठी मांडलेला व्यायाम, मी चिवल्याच्या किनाऱ्यावर बसून कोणाच्या ध्यानी न येता करतो. समोर रापणीचे फाटके जाळे मांडीवर घेऊन एक वृद्ध आस ओवीत असतो. प्रत्येक गाठ ओढून पाहतो, हलवतो, मग पुढे सरकतो, आणि त्याचा हात पाहता पाहता माझी मोजणी चुकते.

“इतकी घाई कित्याक?” पत्नी म्हणते. तिच्या शब्दांत धीर आहे की समजूतदार निरिच्छा, हे विचारण्याचे धाडस होत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली सिल्डेनाफिल मी कुडाळहून आणतो; तेथला औषधविक्रेता माझा विद्यार्थी नव्हता.