आपल्याच उसाचं पेट्रोल आणि दादांची अँबॅसिडर



आजची नोंद शेताची नाही, गाडीची आहे. पण ज्यांच्याकडे पेट्रोलवरचा फवारणी पंप, ग्रासकटर नाहीतर पॉवर वीडर आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. चूक माझी झाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे १९७२ सालची मार्क २ अँबॅसिडर आहे. दादांनी, म्हणजे वडिलांनी, १९८४ साली उसाच्या बिलातून जुनीच घेतली होती. पोरांना ही देशी गाडी वाटते, पण मूळ इंग्लंडचं. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ ही गाडी हिंदुस्थान मोटर्सने बंगालात उत्तरपाऱ्याला बनवायला घेतली, ती थेट २०१४ पर्यंत चालली. इंजिन १४८९ सीसी, बीएमसी बी सिरीज. नट-बोल्ट इंची. १३ नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटाला बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की नटाचे कान मारतो. दादांचे इंची पाने म्हणून मी वेगळ्या डब्यात ठेवलेत.

आमची मांजरी २०२१ ला पुणे महापालिकेत गेली. चारी बाजूंनी इमारती आल्या. मधे आमचा दीड एकर ऊस आणि शेडात ही गाडी. दादा गेल्यावर गाडी मीच बघतो. आईचं वय ऐंशीच्या पुढं. संकष्टीला थेऊरला जायचं तर तिला हीच गाडी लागते, कारण सीट उंच आहे आणि गुडघे न दुमडता बसता येतं.

गेल्या मे महिन्यातली संकष्टी. दुपारचं ऊन. आई मागं बसलेली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय रे." मी म्हणालो, "जुनी गाडी आहे आई, वास येणारच." पुढं गाडीनं दोन आचके दिले आणि थेऊरच्या रस्त्याला बंद पडली.

दादांची शिकवण अशी, की इंजिन बंद पडलं तर आधी ठिणगी बघ, मग पेट्रोल बघ, मग हवा. मी बॉनेट उघडलं, एक प्लग काढून बॉडीला टेकवला आणि पुतण्याला स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगी निळी, कडक. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंटमध्ये फिलर गेज घातलं. १५ थाऊ, बरोबर. म्हणजे दोष पेट्रोलचा. आता पेट्रोलच्या नळीला हात लावला, तर बोटं ओली.

पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी क्लिपजवळ तडकली होती. थेंब थेंब गळत होतं. या इंजिनात कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात, कार्बोरेटर वर आणि तापलेला मॅनिफोल्ड बरोबर त्याच्या खाली. मॅनिफोल्डवर थेंब पडून पडून काळा डाग झालेला. आणि मी तिथंच उभं राहून ठिणगी पाडून बघत होतो! मागं आई बसलेली. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

आईला आधी खाली उतरवून सावलीला बसवलं, बॅटरीची वायर काढली. पुतण्या दुसऱ्याच्या गाडीवरून घरी गेला आणि ट्रॅक्टर घेऊन आला. गाडी ओढत घरी आणली.

आता ती नळी कुठून आली ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी जुनी नळी खराब झाली होती. मी फवारणी पंपाच्या होजचा उरलेला तुकडा कापून बसवला. माप बरोबर बसलं, गाडी चालू झाली, मी खूष. तो होज पाण्यासाठी आणि औषधासाठी बनवलेला. पेट्रोलमध्ये तो कडक झाला आणि तडकला.

आणि आताचं पेट्रोलही पूर्वीचं राहिलं नाही. २०२२ पर्यंत त्यात १० टक्के इथेनॉल होतं. २०२३ पासून २० टक्के यायला सुरुवात झाली, आता सगळीकडे तेच. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. औषध मोजायच्या उभ्या काचेच्या नळीत १० मिली पाणी घेतलं, वर १०० मिली पेट्रोल ओतलं, हलवलं आणि ठेवून दिलं. (हे उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको.) इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. पाण्याची रेघ १० वरून तिशीच्या जवळ चढली. मी बराच वेळ बघत बसलो. ती वाढलेली रेघ म्हणजे ऊसच की. एक टन उसाच्या थेट रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल निघतं. दादांनी उसाच्या पैशानं गाडी घेतली आणि आता त्याच उसाचा अर्क तिच्या जुन्या रबराला फुगवतोय.

म्हणून मी इथेनॉलला शिव्या देणार नाही. कारखान्याला त्याचे पैसे मिळतात म्हणून आपलं बिल निघायला मदत होते. नवीन गाड्यांचं रबर त्या हिशोबानं बनवलेलं असतं. १९७२ च्या गाडीचं नव्हतं. दोष माहीत असून दुर्लक्ष करणाऱ्याचा.

पुढचे चार दिवस शेडात घातले. पंप उघडला, तर आतला डायफ्रॅम कडक होऊन कडेला चिरलेला. हा पूर्ण फाटला की पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली, तर इंजिन चालू करू नका. गाडीला एसयू कार्बोरेटर आहे. त्याच्या जेटचं सील आणि फ्लोटची सुई बदलली, वरच्या डबीत पातळ ऑइल घातलं. टाकीतला जुना चिकट थर इथेनॉलनं सुटून फिल्टरमध्ये येऊन बसला होता, तोही नवा टाकला.

सामान नाना पेठेत मिळालं. दुकानदाराला स्पष्ट सांगितलं की इथेनॉलचं पेट्रोल सोसणारंच रबर पाहिजे. व्हिटनचं मिळालं. साध्यापेक्षा महाग आहे, पण आता घासाघीस करायचं धाडस नव्हतं.

इंजिन उघडंच होतं म्हणून टॅपेटही लावले, १५ थाऊ. दादांची युक्ती नऊच्या बेरजेची. आठ व्हॉल्व्हपैकी आठवा पूर्ण दाबला असेल तेव्हा पहिला लावायचा, सहावा दाबला तेव्हा तिसरा. बेरीज नेहमी नऊ. दहावी पास माणसालाही चुकता येत नाही.

आता आपल्या कामाचं:

१. फवारणी पंप, ग्रासकटर, वीडर यांच्या पेट्रोलच्या नळीला पेट्रोलचीच नळी लावा. पाण्याची, औषधाची नाही.

२. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो.

३. अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये पेट्रोल पावसाळाभर ठेवू नका. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी जास्त झालं की खाली बसतं आणि मशीन तेच ओढतं.

४. वास आला की थांबा. आधी गळती शोधा, ठिणगी नंतर.

चौथा मुद्दा मी आईकडून शिकलो, आणि उशिरा शिकलो. उसाची पानं पिवळी दिसली की आपण म्हणतो, उन्हानं असेल. मोटार आवाज करते, आपण म्हणतो, जुनी झाली. मी वासाबद्दल हेच म्हणालो होतो.

पुढच्या संकष्टीला आईला त्याच गाडीतून नेलं. निघताना मी बॉनेट उघडून नळीवर बोट फिरवलं, कोरडं. वाटेत दोनदा आईला विचारलं, "वास येतोय का गं?" ती म्हणाली, "नाही. तू पुढं बघून चालव."

तुमच्याकडे जुन्या इंजिनाचा असा अनुभव असेल तर जरूर सांगा. पुढची नोंद खोडव्याच्या पाचटाची.